वीसपैकी एकोणीस, आणि तोंडातून शब्द नाही

मोबाइल खाली ठेवा. सगळ्यांनी. मागच्या बाकावरचे सर, तुम्हीसुद्धा. दहा मिनिटांत आटपा, असं मला सांगून ठेवलंय, आटपणार नाही. तुडीलला मला बोलावलंत ते ‘इंग्रजीच्या परीक्षांबद्दल मुलांना चार शब्द सांगा’ म्हणून. मुलांना सांगेनच, त्यांच्या आईबापांनाही सोडणार नाही. पण पहिल्या रांगेत शिक्षक बसलेत, तेव्हा सुरुवात तिथून.

दहावीच्या इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तोंडी परीक्षा २० गुणांची. ती तोंडी शाळेतच होते. घेणारे तुम्ही, गुण देणारे तुम्ही, बोर्डाकडे यादी पाठवणारेही तुम्हीच. मग मला आत्ता इथे सांगा, गेल्या वर्षी तुमच्यापैकी किती जणांनी एकेका मुलाला समोर उभं करून इंग्रजीत प्रश्न विचारला, उत्तर कान देऊन ऐकलं आणि मगच गुण लिहिले? हात वर करा. राहू दे. खाली राहिलेले हात दिसले मला.

ती यादी कशी बनते ते मला सांगू नका. चहा येतो, हजेरीपट उघडतो. पहिल्या चार-पाच हुशारांना वीस, मधल्यांना एकोणीस नाहीतर अठरा, आणि वर्षभर ज्याने वर मान केली नाही त्याला सोळा, ‘सुटू दे बिचारा’ म्हणून. चहा संपायच्या आत अख्ख्या वर्गाची तोंडी संपते आणि एकाही मुलाने तोंड उघडलेलं नसतं. वर पुन्हा सही ठोकायची, ‘परीक्षक’ म्हणून. काय परीक्षिलंत?

‘बाई, वेळ कुठे असतो?’ हिशेब करू या, गणिताचे सर आहेतच इथे. वर्गात ४५ मुलं धरा. प्रत्येकाला ५ मिनिटं. २२५ मिनिटं झाली, म्हणजे पावणेचार तास. रोज एक तास दिलात तर चार दिवसांचं काम. ज्या मुलाला तुम्ही वर्षभर इंग्रजी शिकवता, त्याचं इंग्रजी ऐकायला अख्ख्या वर्षात तुम्हाला पाच मिनिटं सापडत नाहीत? स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम किती दिवस चालली होती, ते मी विचारत नाही.

दुसरं उत्तरही पाठ आहे मला. ‘तोंडीचे गुण नसतील तर निकाल कोसळेल, बाई.’ बरोबर बोललात. कोसळला होता. २०१८-१९ साली सरकारने भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल होता ८९.४१ टक्के, २०१९ च्या जूनमध्ये तो आला ७७.१० टक्क्यांवर. आरडाओरडा झाला. इतर मंडळांच्या मुलांना शाळेकडून गुण मिळतात, अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडतात, अशी तक्रार झाली. तक्रार खोटी नव्हती. २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, मान्य. २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले, तेही मान्य. पण महाराष्ट्रातली मुलं बारा महिन्यांत अठरा टक्क्यांनी शहाणी झाली असं मानणारा कोणी असेल तर त्याने उभं राहावं, मला त्याचा चेहरा बघायचाय. पुढच्या वर्षी, २०२१ ला, लेखी परीक्षाच झाली नाही. सगळं मूल्यमापन शाळांच्या हाती आलं आणि निकाल ९९.९५ टक्के. आपल्यावर विश्वास टाकला की काय होतं, हे आकडेच सांगतायत. मला त्याची शरम वाटते. तुम्हाला वाटते का, ते तुम्ही बघा.

प्राथमिकचे गुरुजी गालात हसतायत. हसू नका, तुमच्याकडे येतेच आहे. तुमच्याकडे तर वर्षाला तीन चाचण्या होतात. एक पायाभूत आणि दोन संकलित. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद छापील पेपर शाळेत पोचवते. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. त्यात इंग्रजीचा तोंडी भागही असतो. या चाचणीवर कोणी नापास होत नाही, कोणाचा प्रवेश अडत नाही. कुठलं मूल कुठे अडलंय ते कळावं, एवढ्यासाठी ती आहे. तरीही पेपर आधी यूट्यूबवर फिरतात, उत्तरं फळ्यावर उतरतात आणि गुण नोंदवायच्या चॅटबॉटवर भरताना गुण फुगतात. ज्या चाचणीत खोटं बोलून कोणाचाच फायदा नाही, तिथेही आपण खोटं बोलतो. याला सवय म्हणतात.

सावित्रीच्या खाडीत होडी घालणाऱ्याला विचारा. ओहोटीला तो बांबू टाकून तळ चाचपतो. पाणी दोन हात असेल तर दोनच हात म्हणतो, कारण होडीत बसलेली माणसं त्याच्या शब्दावर बसलेली असतात. तुमच्या शब्दावर ४५ मुलं बसलीत. तुम्ही बांबू न टाकताच ‘दहा हात’ म्हणून सांगता आणि होडी गाळात रुतली की म्हणता, पोरालाच वल्हवता येत नव्हतं.

आणि कुठे रुततात, ते या खाडीपट्ट्यात मी सांगायला नको. इथल्या घराघरातला एक माणूस आखातात आहे नाहीतर जहाजावर. मराठी माध्यमातला असो की उर्दू माध्यमातला, आपला मुलगा २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकतोय. दहा वर्षं शिकून १९ गुण घेऊन तो बाहेर पडतो. त्याला वाटतं, आपल्याला येतं. घरच्यांनाही वाटतं, मार्कलिस्टवर छापलंय की. खरं काय ते त्याला पहिल्यांदा कोण सांगतं? परका माणूस, परक्या खोलीत, आणि तेही पैसे भरून घेतल्यावर. परदेशी जाणाऱ्यांसाठी इंग्रजीची आयइएलटीएस नावाची परीक्षा असते, तिची फी पंधरा हजारांच्या वर आहे. केंद्र मुंबईला नाहीतर पुण्याला. तिथे बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटं चालते, समोर एक परीक्षक असतो आणि शब्द न् शब्द ध्वनिमुद्रित होतो. मध्येच एक कार्ड हातात देतात, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. दोन मिनिटं! तुमच्या एकोणीस गुणवाल्याला एका विषयावर दोन मिनिटं बोलायला तुम्ही कधी उभं केलंत? तो तिथे गप्प बसतो तेव्हा परीक्षक त्याला नापास करत नाही. त्याचा निकाल तुम्ही आधीच लावून टाकलेला असतो, फक्त त्याच्यापासून लपवलेला असतो.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी ‘मार्लिन्स’ची इंग्रजी चाचणी असते, भरती करणाऱ्या कंपन्या ती मागतात. ती कशाला, असं विचारणारे महाभाग मी पाहिलेत. १९९० च्या एप्रिलमध्ये ओस्लोहून डेन्मार्कला निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ नावाच्या बोटीला आग लागली, १५९ माणसं गेली. कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की नव्याने घेतलेल्या खलाशांपैकी बऱ्याच जणांना प्रवाशांशी आणि एकमेकांशी बोलायला समान भाषाच नव्हती. आग लागल्यावर दार कुठल्या बाजूला आहे हे सांगता येणं म्हणजे इंग्रजी, पोरांनो. ‘माय एम इन लाइफ’ हा पाठ केलेला निबंध म्हणजे इंग्रजी नव्हे.

बरं झालं, पोरांनो म्हटल्यावर माना वर झाल्या. आता तुमची पाळी.

तुमच्यापैकी काही जण कुजबुजतायत ते मला ऐकू येतंय. ‘आता मुंबईला जायची गरज नाही, घरबसल्या परीक्षा देता येते.’ येते. टोफेल आणि ड्युओलिंगो याही इंग्रजीच्याच परीक्षा. २०२० च्या टाळेबंदीत टोफेलने घरून द्यायची परीक्षा काढली, ड्युओलिंगोची तर आधीपासूनच होती. गंमत बघा, त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि आपल्या जिल्ह्यात गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. जग घरून परीक्षा द्यायला निघालं तेव्हा आपल्याकडे मोबाइल चार्ज करायची पंचाईत होती. आता वीज आहे, रेंजही येते-जाते. ड्युओलिंगोची परीक्षा साधारण तासाभराची, गुण १० ते १६०, दोन दिवसांत निकाल. तुम्हाला त्यातलं ‘घरी’ एवढंच ऐकू आलं. आणि लगेच बेत शिजला. भाऊ टेबलाखाली बसेल, मामा कुवेतहून व्हॉट्सअॅपवर उत्तर सांगेल.

मूर्खांनो, नियम तरी वाचा. खोलीत तुम्ही एकटे पाहिजेत. परीक्षा सुरू व्हायच्या आधी टोफेलवाले कॅमेऱ्यातून अख्खी खोली फिरवून दाखवायला लावतात, टेबलाच्या खालीसुद्धा. पलंगावर लोळत परीक्षा देता येत नाही, खुर्ची-टेबल लागतं. पडद्यावरून नजर हटवायची नाही. ड्युओलिंगोचं सगळं चित्रण नंतर यंत्रही तपासतं आणि माणसंही. मध्येच आजीने ‘चहा घेतोस का’ म्हणून दार ढकललं तर तुमची अख्खी परीक्षा बाद होऊ शकते. म्हणून प्रामाणिकपणे घरून परीक्षा द्यायची असेल त्यानेही आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून समजावून सांगावं, दाराला कडी लावावी, रेंज कुठल्या खोलीत टिकते ते बघावं. आणि मुळात ती परीक्षा तुमच्या कामाची आहे का, हे फी भरायच्या आधी विचारा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला घरून दिलेली परीक्षा चालत नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी मान्य केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. एजंटने हे सांगितलं का तुम्हाला? तो कशाला सांगेल!

एजंटवरून आठवलं. ‘बँडची गॅरंटी’, म्हणजे आयइएलटीएसच्या गुणांची हमी, देणारे जे आहेत ना, त्यांच्या नादाला लागलेल्यांची गोष्ट ऐका, शेजारच्याच राज्यातली आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये कॅनडातून अमेरिकेत चोरून शिरताना अकवेसास्नेजवळच्या नदीत एक बोट बुडाली, सहा गुजराती तरुण पकडले गेले. न्यायाधीशासमोर त्यांना इंग्रजीत साधी उत्तरं देता येईनात, दुभाषा बोलवावा लागला. आणि यांतल्या चौघांकडे आयइएलटीएसचे साडेसहा-सातचे बँड होते. न्यायालयाला आश्चर्य वाटलं, चौकशी मेहसाणा पोलिसांपर्यंत पोचली. नवसारीच्या एका हॉलमध्ये २५ सप्टेंबर २०२१ ला झालेल्या त्यांच्या परीक्षेत सीसीटीव्ही बंद होते, असं पोलिसांनी सांगितलं. त्या मुलांना कोणीतरी सात दिले होते. त्या सातांच्या जिवावर ती बर्फाळ नदीपर्यंत गेली. तिथे सात कामाला आले नाहीत.

पहिल्या रांगेतल्या मंडळींनो, ही गोष्ट पोरांसाठी आहे असं समजून बाहेर बघू नका. परीक्षा पोरांनी दिली, पण कॅमेरा पोरांनी बंद केला नव्हता. तो परीक्षा घेणाऱ्याने केला. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने लंडनमधलं व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेचं असंच एक केंद्र दाखवलं. उमेदवार बाजूला उभे राहतात, त्यांच्या जागी दुसरे बसून परीक्षा देतात, आणि बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं तर समोर उभा राहून एक जण सरळ वाचून दाखवतो. फळ्यावर उत्तरं लिहून देणाऱ्यांनो, ओळखीचं वाटलं ना? पुढे काय झालं ते मात्र नीट ऐका. ब्रिटनमध्ये झालेल्या २०११ ते २०१४ मधल्या अशा ५८,४५८ चाचण्या तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या ९७ टक्के संशयास्पद ठरल्या. हजारोंचे व्हिसे गेले. ज्यांनी रात्र रात्र अभ्यास करून स्वतःच्या तोंडाने परीक्षा दिली होती, तेही त्यात भरडले गेले. भारतातली, पाकिस्तानातली, बांगलादेशातली मुलं ‘आम्ही चोर नाही’ म्हणत वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. निरपराधांना वेगळं काढण्याची पुरेशी काळजी ब्रिटिश सरकारने घेतली नाही, असं त्यांच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये म्हटलं.

समजलं? परीक्षा घेणारा खोटा निघाला की खऱ्या मुलाचा निकालही खोटा ठरतो. तुमच्या वर्गात एक मुलगी असते. घरी कोणी इंग्रजीचं अक्षर न ओळखणारं, तरी ती रेडिओवरून, मोबाइलवरून ऐकून ऐकून बोलायला शिकलेली. तिला खरोखर १९ मिळायला हवेत. तुम्ही ४० जणांना १९ वाटलेत, तेव्हा तिचे १९ चोरलेत. कृपा म्हणून केलंत, चोरीच झाली.

आता मागची रांग. नमस्कार, बसा. आईबापांवर मी आवाज चढवणार नाही, पण गोड बोलायलाही आलेले नाही. मुलाच्या तोंडी परीक्षेला कमी गुण पडले की शाळेत येऊन मास्तरांच्या अंगावर जाणारे तुम्हीच ना? ‘शेजारच्याला अठरा, आमच्याला अकरा का?’ अकरा देणारा मास्तर तुमचा हितचिंतक आहे. बदली मागू नका त्याची. त्याला एवढंच विचारा, ‘अकराचे पंधरा व्हायला घरी काय करू?’ आणि एजंटचे पैसे भरायला काही गहाण टाकायच्या आधी, घरातला जो माणूस परदेशात आहे त्याला सांगा, ‘मुलाशी फोनवर दहा मिनिटं फक्त इंग्रजीत बोल आणि मला खरं सांग.’ त्याला तिथे रोज बोलावं लागतं. तो खोटं सांगणार नाही.

कोणी म्हणेल, बाई फक्त झोडपतायत. मग परीक्षा घ्यायची कशी, तेही लिहून घ्या. पेन काढा. तुम्ही नुसतं मान हलवताय, सर, पेन काढा.

‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ची पाहणी करते. स्वयंसेवक मुलाच्या घरी जातो, ओटीवर बसतो आणि एकेका मुलाला समोर घेऊन वाचायला लावतो. आधी मोठी अक्षरं, मग लहान, मग साधे शब्द, मग साधी वाक्यं, आणि वाक्य वाचता आलं तर त्याचा अर्थ. एक कागद आणि एक माणूस, बस्स. २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्य वाचता आलं, आणि वाचता आलेल्यांपैकी साधारण पाऊण भागाला अर्थ सांगता आला. म्हणजे ४५ च्या वर्गात अर्थासकट वाक्य वाचणारी एकोणीस-वीस मुलं. तुमच्या यादीशी ताडून बघा. यंत्र नाही, कॅमेरा नाही, तरी आकडा खरा येतो, कारण त्या स्वयंसेवकाला तो फुगवून काही मिळवायचं नसतं.

तसं घ्या. मुलाला एकट्याला बोलवा, वर्गासमोर नको. चाळीस जण हसायला बसलेले असताना कोण बोलेल? ‘व्हॉट इज युअर नेम’ बंद. पाठ केलेली ओळख बंद. ‘आज शाळेत कसा आलास? एसटी चुकली असती तर काय केलं असतंस?’ असं काही विचारा, जे कुठल्याही गाइडमध्ये छापलेलं नाही. विचारलंत की गप्प बसा. दहा सेकंद गप्प बसा. आपल्याला मुलाच्या आधी उत्तर द्यायची खोड आहे. अर्धं वाक्य आपण बोलतो, शेवटचा शब्द तो बोलतो आणि गुण त्याच्या नावावर पडतात. उच्चार कोकणी आहे म्हणून गुण कापू नका. आयइएलटीएसचा परीक्षकसुद्धा ओघ, शब्दसाठा, व्याकरण आणि उच्चार अशा चार गोष्टी बघतो, आणि उच्चारात मुख्यतः बघतो ते समोरच्याला समजलं की नाही हे. आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, तेवढ्यासाठी आत्ता बाकावर ठेवलेला मोबाइल परत घ्यायची परवानगी आहे. जमलं तर शेजारच्या शाळेच्या मास्तरांना बोलवा, त्यांच्याकडे तुम्ही जा. ओळखीच्या पोराला अकरा द्यायला हात थरथरतो, परक्याचा थरथरत नाही.

पावसात रस्ता बंद झाला, शाळा बंद पडली, तर व्हिडिओ कॉलवर घ्या, हरकत नाही. पण मूल एकटं, चेहरा समोर, आवाज नोंदवलेला. रेंज गेली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. रेंज गेली म्हणून गुण कापायचे नाहीत आणि रेंज गेली म्हणून वाटायचेही नाहीत.

आणि गुणाच्या शेजारी एक ओळ लिहा. ‘भूतकाळ येत नाही.’ ‘समजतं, बोलायला घाबरते.’ ती ओळ नसेल तर पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं हे तुम्हाला कसं कळणार? परीक्षा त्या ओळीसाठी घ्यायची असते. आकडा बोर्डाला पाठवा, ओळ स्वतःच्या टेबलावर ठेवा.

सोमवारी शाळा उघडली की हजेरीपटावरचा पहिला क्रमांक बोलवा. पाच मिनिटं ऐका. चार गुणांचं बोलला तर चार लिहा. बोर्डाची परीक्षा अजून लांब आहे, चाराचे बारा करायला तेवढा काळ पुरतो. पण तो चार आहे हे आधी तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही ठाऊक असलं पाहिजे. मुख्याध्यापकांनी निकालाचं काय म्हणून विचारलं, तर त्यांना माझं नाव सांगा. त्यांचीही कानउघाडणी करायची बाकी आहे.